गळ्याच्या खळग्यातला राग

दमा झालेल्या माणसाला आधी सल्ला मिळतो, मग औषध. केळं खाऊ नको, ताक पिऊ नको, डोक्यावरून आंघोळ करू नको, कोंबड्यांच्या खुराड्याकडे फिरकू नको, आणि सगळ्यात शेवटी, मान तिरकी करून, "मन शांत ठेव गं बाई." हे शेवटचं वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात विहिरीत ढकललेलं आहे. तेव्हा हे वाचणाऱ्या दमेकऱ्याला मी मन शांत ठेवायला सांगणार नाही. माझं कधी राहिलं नाही, आणि तरी मी जिवंत आहे.

योगाबद्दल लिही, असं ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून लिहिते. त्याने माझं भलं झालं हे खरं. पण म्हणून तो मला आवडतो असं कुणी समजू नये. एरंडेलानेही भलं होतं.

माहेराहून आणलेला रोग

साल चौऱ्याहत्तर. आमचं गाव बोळिंजच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. घराभोवती केळीची वाडी, आणि ऊन असेपर्यंत एकच धंदा, सुकेळ्यांचा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, आणि वाळली की केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. हे सगळं बायकांचं काम. त्या बायकांची मुकादम म्हणजे माझी सासू. तिला आम्ही सगळे मोठी आय म्हणायचो. बोटांच्या पेरांनी केळं दाबून ते किती वाळलंय हे ती सांगायची, आणि तसंच माणसंही दाबून बघायची.

त्या दिवशी मी मांडवाखाली सोलायला बसले होते. सकाळपासून छाती घरघरत होती. मी म्हटलं, "मोठी आय, मला जरा..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, हवा मात्र आत शिरेना. मोठी आय मागे न बघताच म्हणाली, "जरा बसायचंय तुला, दुसरं काय!" मला म्हणायचं होतं, जरा पाणी द्या.

हे दम्याचं पहिलं लक्षण लक्षात ठेवा. कुठल्या डॉक्टरने मला ते सांगितलं नाही. दम्यात वाक्य पूर्ण होत नाही, आणि अर्धं राहिलेलं वाक्य दुसरंच कुणीतरी आपल्या सोयीने पूर्ण करतं.

टांग्यात घालून मला वसईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, सुई दिली, आणि म्हणाले, "दमा आहे. जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल."

"आमच्या घरात कोनाला नाय हा रोग," मोठी आय म्हणाली. जणू काही मी तो माहेराहून हंड्यात घालून आणला होता.

मी डॉक्टरांना विचारायला गेले, "म्हणजे मी कामाला..."

"कामाला लावू नका, असं म्हनते ती," मोठ्या आयने पुरं केलं. डॉक्टरांनी मान डोलावली. मला विचारायचं होतं, कामाला कधी लागू. फिलूचा बाबा, म्हणजे माझा नवरा, टोपी हातात धरून दारात उभा होता. तो वाईट माणूस नव्हे. पण आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि तशा चांगुलपणाचं लोणचंही घालता येत नाही.

वॉर्ड

दवाखान्यात ठेवून घेतलं. उजाडायच्या आधी तापमापी, मग पावाचा तुकडा आणि गोड पाणी असावं तसा चहा, मग सुई, मग भेटायला येणारे. सुई परवडली. भेटायला येणारे खाटेवरच बसायचे, माझ्या पायांवर, आणि कुणाकुणाला दमा होता आणि ते कसे गेले हे सांगायचे. एक बाई तर माझ्याचसाठी आणलेली मोसंबी सोलून खात सांगत होती.

भीतीबद्दल खरं सांगते. बुडणाऱ्याला निदान पाणी तरी दिसतं. इथे खोलीभर हवा आणि सगळे ती फुकटात घेतायत, एकट्या मलाच बंदी. पहिल्या दोन-तीन वेळी मी देवाला हाक मारली. नंतर मला देवाचाही राग यायला लागला. श्वास म्हणजे काही मेजवानी नव्हे की वाढताना हात आखडावा.

शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याची एक कोळीण होती, पाय मोडलेली. "पानी दे गो," एवढं नर्सला म्हणायची आणि दिवसभर माझ्याकडे बघत पडून राहायची. मला उचकी लागल्यासारखा दम लागला की ती आपला विणलेला पंखा लांबूनच माझ्या दिशेने हलवायची. वारा माझ्यापर्यंत पोचायचा नाही. पण त्या बाईने मला एकही सल्ला दिला नाही. तिच्यासाठी मी आजही प्रार्थना करते.

आणि याच वॉर्डात, माझ्याच उशाशी, खरी लढाई सुरू झाली.

माझी थोरली मुलगी फिलू तेव्हा मॅट्रिकला बसली होती. तिला नर्स व्हायचं होतं. मुंबईला राहून शिकायचं, वसतिगृहात. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर शिकायला घराबाहेर राहिली नव्हती. मी आजारी पडायच्या आधी मोठी आय नाही म्हणायला कारण शोधत होती. मी तिला ते आयतं दिलं.

"आय हितं धापा टाकतेय," ती माझ्या अंगावरून फिलूला म्हणाली, "आन तू लोकांच्या गाद्या बदलायला जानार? घर कोन बघनार? सुकेळी कोन सोलनार?"

फिलूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती जाईल. मी..."

"मी मरते तवर थांब, असं म्हनते तुझी आय," मोठ्या आयने पुरं केलं.

त्या संध्याकाळी मला प्राणवायूची नळी लावावी लागली.

राऊत मास्तर

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, श्वासाचे व्यायाम करा, बोळिंजला शाळेच्या ओट्यावर राऊत मास्तर सकाळी योगाचा वर्ग घेतात. मोठी आय म्हणाली, तो हिंदूंचा देवधर्म आहे. मी कधी नव्हे ते लगेच हो म्हटलं. ती नको म्हणाली, एवढंच कारण. योगाशी माझी ओळख अशी दुष्टाव्यातून झाली.

राऊत मास्तर निवृत्त ड्रिलमास्तर. पुढे पोट, मागे शिट्टीची सवय. शिट्टी राहिली नव्हती, पण बोलताना दोन शब्दांच्या मधे ती ऐकू यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ओम म्हणायला लावलं. मी गप्प बसले.

"काय हो बाई, आवाज नाही?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत."

"मग आमेन म्हणा. शेवट लांबवा म्हणजे झालं. मला श्वास लांब सोडायला हवाय, तुमचा धर्म नकोय."

तेव्हा सगळे ओम करायचे आणि कोपऱ्यातून माझं आमेन लांबत जायचं. आमच्या गावातल्या दोन बाया मुद्दाम रस्त्याने हळू चालत ते ऐकून गेल्या आणि रविवारपर्यंत देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात मी बाटून हिंदू झाले होते.

श्वासाचं मी सहन केलं. पण मास्तर शेवटी सगळ्यांना उताणं झोपवायचे आणि म्हणायचे, "आता बघा, मनात काय आहे. राग, भीती, लाज, कंटाळा. त्याला नाव द्या. मग ते अंगात कुठे बसलंय ते शोधा. हाकलू नका, गोंजारू नका. फक्त बघा."

मग एकेकाला विचारायचे. माझी पाळी आली.

"भूक," मी म्हटलं.

"भूक ही भावना नाही, बाई."

"आमच्या घरी या, म्हणजे कळेल."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. मला त्यांचा संताप यायचा. श्वास घेता येत नाही म्हणून आलेय मी, आणि हा माणूस मला मनाची झाडलोट शिकवतोय! दम्याचा आणि मनाचा काय संबंध? मोठी आय म्हणायची सगळी नाटकं आहेत, मनाची. आता हाही तेच म्हणणार. मी वर्ग सोडायचं ठरवलं.

सोडायला म्हणून गेले त्या सकाळी शाळेच्या शिपायाने ओट्यावर आदल्या रात्रीच चुना मारून ठेवला होता. बसायला जागाच नाही. मास्तरांचा तोल गेला. त्यांनी त्या शिपायाला असं काही फैलावर घेतलं की विहिरीवरच्या बाया कळशा ठेवून बघायला आल्या. मन शांत ठेवा म्हणणारा माणूस! मला इतका आनंद कितीतरी महिन्यांत झाला नव्हता. मग मास्तर थांबले, तसेच मातीत बसले आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत? कान."

त्यांचे दोन्ही कान लालभडक झाले होते.

"माझा राग आधी कानात येतो. मग तोंडात. चाळीस वर्षं मुलांना बडवली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता कान तापले की कळतं. थांबतो असं नाही, आज थांबलो नाहीच. पण कळतं." ते उठले आणि शिपायाची माफी मागायला गेले. जाताना मला म्हणाले, "तुमचा कुठे येतो, ते बघा. भूक सोडून."

मी वर्ग सोडला नाही. शांत माणसाकडून मी काही शिकले नसते.

जाळीपलीकडे

आमच्या घरी रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की रोजरी व्हायची, म्हणजे सगळ्या घराने गुडघे टेकून माळेची प्रार्थना. ती संपली की लहानांनी मोठ्यांकडे आशीर्वाद मागायचा. वयाप्रमाणे एकेकाने मोठ्या आयपुढे जायचं, हात जोडायचे, "आशीर्वाद दे" म्हणायचं, आणि ती अंगठ्याने कपाळावर क्रूस काढायची. घरात कितीही भांडण होवो, हे चुकायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून मी एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

मास्तरांनी सांगितलं म्हणून मी बघायला लागले. भीती लगेच सापडली, बरगड्यांच्या खाली. राग काही सापडेना. मग एका संध्याकाळी मी हात जोडून उभी होते, मोठ्या आयचा अंगठा माझ्या कपाळाला टेकला, आणि मला गळ्याच्या खळग्यात, जिथे क्रुसाचं पदक लोंबतं तिथे, काहीतरी घट्ट झाल्याचं जाणवलं. पक्क्या मुठीसारखं. तोंड मात्र "आशीर्वाद दे" म्हणत होतं.

आणि जेवणं झाली की मला दम लागला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग मला आठवायला लागलं की माझे झटके बहुतेक रोजरीच्या नंतरचेच असतात. घरातले म्हणायचे, संध्याकाळची हवा दमट. हवा दमटच होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हवेला अंगठा नसतो.

आता इथे मी जे केलं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुमसाराला, म्हणजे जाळीमागच्या फादरांकडे पापं कबूल करायला, जायच्या आधी अंतःकरण तपासायचं. राग हे सात मोठ्या पापांपैकी एक. मास्तरांच्या वर्गात मला राग सापडू लागला, ढिगाने. एका आठवड्यात मी तो कितीतरी वेळा बघायची, नाव द्यायची, आणि शनिवारी सगळा गोळा करून देवळात न्यायची. हिंदू बायका वर्गातून घरी जायच्या, मी वर्गातून कुमसाराला.

"फादर, मला राग आला. गळ्याच्या खळग्यात आला. मंगळवारी जास्त घट्ट होता."

पहिल्यांदा फादरांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या. दुसऱ्या शनिवारी जास्त सांगितल्या. मी म्हटल्या. राग जागच्या जागी. मग एका शनिवारी जाळीपलीकडून मोठा उसासा आला.

"बाई, तू पापं सांगतेस की तब्येत?"

"फादर, राग पाप नाही का?"

"कुणाला मारलंस? शिवी दिलीस? कुणाचं वाईट केलंस?"

"नाही. नुसता आला."

"मग हे पाप नाही. आलेल्या रागाची क्षमा मी कशी देऊ? ज्याचा राग आहे त्याच्याशी बोल. मागे रांग आहे."

मी देवळाबाहेर आले ती तणतणत. डॉक्टर मास्तरांकडे पाठवतात, मास्तर म्हणतात नुसता बघा, फादर म्हणतात माझ्याकडे आणू नका. सगळं गाव फिरून माझा राग पुन्हा माझ्याच पदरात! पायरीवर बसून मी खूप रडले. त्या रडण्यात मला दम लागला नाही, हे मला घरी पोचल्यावर ध्यानात आलं.

आशीर्वाद

फिलू पास झाली. मुंबईहून बोलावणं आलं, सोमवारपर्यंत हजर राहायचं होतं. रविवारी संध्याकाळी रोजरी संपली आणि मोठ्या आयने गुडघ्यांवरूनच जाहीर केलं, "फिलू जानार नाय. आय आजारी. मी ठरवलंय."

फिलूचा बाबा जमिनीकडे बघत राहिला. फिलू भिंतीकडे. मग, जणू काही झालंच नाही, सगळे आशीर्वादाला उठले.

माझी पाळी आली. मी पुढे गेले, हात जोडले. मोठ्या आयने अंगठा उचलला. खळग्यात मूठ आवळली. मी ती बघितली. मनात म्हटलं, इथे. राग. हाकलला नाही, गोंजारला नाही. मास्तरांच्या ओट्यावर आमेन ओढायचे तसा श्वास लांब सोडला, शेवटपर्यंत. आणि आशीर्वाद मागायच्या ऐवजी म्हटलं, "मोठी आय, मला तुमचा राग येतो."



"रोजरीच्या वक्ताला राग? पाप लागंल. कुमसार कर," ती म्हणाली.

"केलं. फादरांनी परत पाठवलं."

फिलूच्या बाबाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. तो हसला की रडला हे मी त्याला कधी विचारलं नाही.

"माझा दमा माझा आहे," मी म्हटलं. मधे थांबले. मोठ्या आयने तोंड उघडलं, माझं वाक्य पुरं करायला. मी हात वर केला. तिच्यापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. "थांबा. मी बोलतेय. माझा दमा फिलूच्या पायात बांधू नका. ती उद्या जाणार."

"आन सुकेळी कोन सोलनार?"

"मी. बसून, थांबून, धापा टाकत. पण मी."

मोठी आय माझ्याकडे बघत राहिली. तिचा अंगठा तसाच वर होता. डोक्यावरचा पदर सरकला होता आणि पांढऱ्या केसांखाली तिचे कान मला दिसले. लाल. एकाच छपराखाली इतकी वर्षं काढली, पण या बाईचा राग कुठे राहतो हे मला त्या दिवशी दिसलं. तिलाही तो कुणी बघायला शिकवला नव्हता. म्हणून मला तिची दया आली, असं मी लिहिणार नाही. नाही आली. फक्त दिसला.

"काय ते करा," म्हणत तिने अंगठा खाली घेतला. कपाळ कोरडंच राहिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मन मोकळं झालं आणि दमा गेला. कुठला जातोय! उचलली जीभ लावली टाळ्याला असं करून जाणारा हा रोग नव्हे. सोमवारी सकाळी फिलू पत्र्याची ट्रंक घेऊन बापाबरोबर एसटीत बसली, आणि संध्याकाळी रोजरीच्या आधीच मला जोराचा झटका आला. बाकीचे बाहेर होते, घरात आम्ही दोघीच. मोठी आय गरम तेलाची वाटी घेऊन आली, मला पुढे वाकवून बसवलं आणि पाठ चोळायला लागली. हात चालत होता आणि त्याच्या बरोबरीने तोंडही.

"जा म्हनावं पोरीला! घालव! आता कोन बसलंय तुझी पाठ चोळत? ती? मीच ना? मेलीस तर लोक मलाच बोलतील. बोल की आता! काल लय बोलत होतीस."

मी गोळी चघळली. श्वास लांब सोडला. खळग्यात बघितलं. मूठ होती, पण सैल. आणखी एकदा सोडला.

"मी मेले..." मी म्हटलं.

मोठी आय थांबली. हात पाठीवर, तोंड उघडं. माझं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तिने ते गिळलं आणि वाट बघितली.

"मी मेले तर तुम्हाला सुकेळी एकटीने सोलावी लागतील, म्हणून मरत नाही," मी म्हटलं. सबंध. एका दमात.